एका आऱ्याचं चक्र

विकिपीडियावर भारताशी संबंधित पानं उघडत गेलं की तिरंगा सारखा भेटत राहतो. क्रिकेटच्या धावफलकात संघाच्या नावाशेजारी तो नखाएवढा असतो, देशाच्या मुख्य पानावर तळहाताएवढा, आणि टिचकी मारत मूळ फाइलपर्यंत गेलं तर पडदाभर. तिन्ही ठिकाणी फाइल एकच. नखाएवढ्यात चक्राचा निळा ठिपका होऊन जातो, पडदाभर झाल्यावर चोवीसच्या चोवीस आरे कातीव दिसतात; कुठं कड फुटलेली नाही, कुठं पायऱ्या पडलेल्या नाहीत. कारण ही फाइल एसव्हीजी जातीची आहे. फोटोत असतात तसे रंगीत ठिपके तिच्यात साठवलेले नसतात, सूचना लिहिलेल्या असतात: इथून इथपर्यंत आयत, या बिंदूभोवती वर्तुळ, त्यात अमुक रंग. ती नोटपॅडमध्ये उघडली तर झेंडा दिसत नाही, तीसेक ओळींचा मजकूर दिसतो.

हा मजकूर कुणा पगारी माणसानं लिहिलेला नाही. विकिपीडियावरचे झेंडे, नकाशे, शरीररचनेच्या आकृत्या यांतलं बहुतेक काम स्वयंसेवकांचं आहे, आणि त्यातलं बरंचसं दुसऱ्या स्वयंसेवकांनी पुन्हा पुन्हा हात फिरवून सुधारलेलं आहे. या मंडळींबद्दल कुणी लिहिलंच तर त्यांच्या सेवाभावाबद्दल लिहितं. सेवाभाव आहेच, पण गवयाचं गाणं ऐकून आल्यावर आपण त्याच्या सेवाभावाबद्दल बोलत नाही, जागा कुठल्या घेतल्या ते बोलतो. इथंही जागा आहेत. फक्त त्या पडद्यावर दिसत नाहीत, मजकूर वाचावा लागतो.

तर तिरंग्याच्या फाइलची वर्षानुवर्षं प्रचारात असलेली एक आवृत्ती वाचू. पहिली ओळ कागदाचं माप सांगते: रुंदी २२५, उंची १५०. मग तीन आयत. पहिला केशरी, आणि तो वरच्या पट्ट्यापुरता नाही, अख्खा कागदच केशरी रंगवून टाकलाय. त्यावर ५० च्या रेषेपासून पांढरा पट्टा, १०० पासून खाली हिरवा. केशरी पट्टा म्हणून जो दिसतो तो न झाकलेला उरलेला भाग. यात आळस नाही, शहाणपण आहे. तीन पट्टे काठाला काठ लावून ठेवले की लहान आकारात कधी कधी मधून केसभर फट दिसते. खाली सलग रंग असेल तर वरच्या बाजूनं ती फट पडायला जागाच राहत नाही.

मग एक सूचना येते की इथून पुढचं सगळं ११२.५ आणि ७५ या बिंदूवरून मोजा. म्हणजे आरंभबिंदू झेंड्याच्या बरोबर मध्यावर नेऊन ठेवला. आता २० त्रिज्येचं निळं वर्तुळ, त्यावर १७.५ चं पांढरं, त्यावर ३.५ चं पुन्हा निळं. पहिल्या दोघांनी मिळून बाहेरचं कडं झालं, तिसऱ्यानं तुंबा. कडं म्हणून वेगळं काही काढलेलंच नाही.

आणि मग आरा. एकच आरा. त्याचं बाहेरचं टोक १७.५ वर, म्हणजे नेमकं कड्याच्या आतल्या काठावर टेकलेलं. मध्यापासून ७ वर तो सगळ्यांत रुंद, दोन्ही बाजूंना ०.६. तिथून आत निमुळता होत तो २ वर संपतो. पण तुंब्याची त्रिज्या तर ३.५ आहे! म्हणजे आऱ्याचं आतलं टोक तुंब्याच्या पोटात जाऊन बसलंय, बैलगाडीच्या चाकात आऱ्याचा दांडा तुंब्यात ठोकून बसवतात तसं. ते कुणालाही कधी दिसणार नाही. दिसतं ते इतकंच, की आरा आणि तुंबा यांच्यामध्ये सांधा म्हणून काही नाही.

आऱ्याशेजारी एक बारकं वर्तुळ आहे, त्रिज्या ०.८७५. ते साडेसात अंशांनी वळवून १७.५ वर सरकवलंय. दोन आऱ्यांमध्ये पंधरा अंशांचं अंतर असायचंय, त्याचं हे अर्धं. म्हणजे वर्तुळ दोन आऱ्यांच्या बरोबर मध्ये पडलं. त्याचा मध्य कड्याच्या आतल्या काठावर असल्यामुळे बाहेरचा अर्धा भाग निळ्यात निळा होऊन विरघळतो आणि आतला अर्धाच उरतो. अशोकचक्राच्या कड्यावर आतून दिसणारे ते छोटे अर्धगोल आठवा. अर्धगोल काढायला दोन टोकं, एक कमान, एक सरळ रेघ असा खटाटोप लागला असता. इथं पूर्ण गोल ठेवला आणि अर्धा लपवला.

आता खरी जागा. आरा आणि बारकं वर्तुळ यांच्या जोडीला नाव दिलंय. ती जोडी पंधरा अंशांवर पुन्हा ठेवा, दोन आरे झाले. या दोघांच्या गटाला नवं नाव देऊन तीस अंशांवर ठेवा, चार झाले. चारांचा गट साठ अंशांवर, आठ. आणि आठांचा गट १२० अंशांवर एकदा, उलट दिशेनं १२० वर एकदा. चोवीस. एक, दोन, चार, आठ, आणि मग तिप्पट होऊन थेट शेवटावर. तिहाई घेऊन समेवर यावं तसा हा शेवट आहे. पहिल्यांदा वाचताना मी खरोखर मान डोलावली.

चोवीस आरे चोवीस वेळा लिहूनही चित्र तेच दिसलं असतं. पाहणाऱ्याला फरक कळायचं कारण नाही. फाइल लहान झाली, एका आऱ्यात बदल केला की चोवीसही बदलतात, हे फायदे आहेतच. पण एवढ्याशा फाइलमध्ये ते काही फार मोठे नाहीत. हा डाव रसिकतेतून आलाय. आपल्याला जे थोडक्यात सांगता येतं ते थोडक्यातच सांगावं, ही लिहिणाऱ्याची जुनी खोड.

आता यातलं वैगुण्यही सांगितलं पाहिजे, नाहीतर रसग्रहणाची आरती होते. घटना समितीनं तिरंगा स्वीकारला २२ जुलै १९४७ रोजी. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेत झेंड्याची नऊ मापं दिली आहेत. लांबी-रुंदीचं प्रमाण सगळीकडे ३:२. त्यात मोटारीवर लावायच्या झेंड्याचं माप २२५ बाय १५० मिलिमीटर आणि चक्राचा व्यास ४० मिलिमीटर. आपल्या फाइलमधले आकडे याच्याशी तंतोतंत जुळतात: २२५, १५०, त्रिज्या २०. पण त्याच तक्त्यात सगळ्यांत मोठा झेंडा ६३०० बाय ४२०० आहे आणि त्याचं चक्र १२९५. भागाकार करून बघा. मोठ्या झेंड्यात चक्र उंचीच्या जवळजवळ ३१ टक्के, मोटारीच्या झेंड्यात २७ टक्क्यांच्याही किंचित खाली, टेबलावरच्या १५० बाय १०० च्या झेंड्यात नेमकं २५ टक्के. झेंडा अगदी लहान झाला की चक्र त्याहून जास्त लहान होतं. आपली फाइल मात्र मोटारीचाच झेंडा फुगवत नेते. तो ४२०० पर्यंत फुगवला तर चक्र ११२० भरेल, सरकारी मापापेक्षा १७५ मिलिमीटरनं कमी.

कितीही मोठं करा, चित्र बिघडणार नाही, हा या फाइलचा सगळ्यांत मोठा गुण. आणि नेमक्या या चित्राचं शास्त्र असं, की आकार फार बदलला की प्रमाणही बदलायला हवं. गुणाच्या पोटात दोष आहे तो असा. माझ्या मते कारागिराला इथं दोष देता येत नाही. नऊ मापांच्या तक्त्यातलं कुठलंही एक निवडलं असतं तरी बाकीच्यांतली काही चुकलीच असती. रंगांचंही तेच. सरकारी मानकातला केशरी कापडासाठी ठरवलेला आहे, पडद्यावर तो नेमका कोणता याला एकच उत्तर नाही, म्हणून या फाइलच्या रंगांवरून हात फिरत राहिले. प्रत्येक बदल इतिहासात जपलेला आहे, आणि नको वाटला तर मागे फिरवता येतो.

वस्तू न साठवता सूचना साठवायची ही रीत बघून मला आमच्या कुरुंदवाडच्या एका माणसाची आठवण होते. पटवर्धनांच्या या संस्थानी गावात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. लहानपणी शेजारच्या नरसोबाच्या वाडीत दत्तजयंतीला आतषबाजीच्या दारूनं विष्णूचे डोळे गेल्यातच जमा झाले. शाळेचा मार्ग बंद झाला, मग गाण्याचा उघडला. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं तालीम झाली आणि ५ मे १९०१ रोजी पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडलं. एवढं गावात पोराटोरांना ठाऊक असतं. कमी बोललं जातं ते त्यांच्या स्वरलिपीबद्दल. दृष्टी अधू झालेल्या माणसानं गाणं कागदावर दिसावं म्हणून खुणांची एक सबंध व्यवस्था रचली आणि ती पुस्तकांतून छापली.

काळ लक्षात घ्या. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचा आवाज तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रित झाला. म्हणजे गाणं साठवायचे दोन मार्ग आपल्याकडं एकाच सुमाराला रुळू लागले. तबकडीत गवयाचा आवाज, दम, त्या दिवशीचा घसा, सगळं आलं. पण ते तेवढंच, त्याच आकाराचं. आवाज वाढवला की खरखरही वाढते. स्वरलिपीत यातलं काही नाही. तिच्यात फक्त कोणता स्वर, किती वेळ, कोणत्या सप्तकात. त्यामुळे सा कुठंही धरा. काळी एक असो की पांढरी चार, बालगंधर्व असोत की शाळेतलं पोर, लिहिलेलं तेच राहतं आणि गाणं प्रत्येक गळ्यात नव्यानं होतं. एसव्हीजी ही चित्राची स्वरलिपी आहे. झेंडा त्या फाइलमध्ये नाही. तुमच्या फोनच्या पडद्यावर, तुमच्या पट्टीत, तो प्रत्येक वेळी नव्यानं गायला जातो.

आणि जे स्वरलिपीत येत नाही ते इथंही येत नाही. माणसाचा चेहरा, कातडीवरचा उजेड, घाटाच्या पायरीवरचं शेवाळ, हे सूचनांत सांगता येत नाही. पलुस्करांचा फोटो हा फोटोच राहायला हवा. काही उत्साही मंडळी मात्र यंत्राला सांगून फोटोभोवती आपोआप रेघा ओढून घेतात. हजारो वेडेवाकडे तुकडे, एकालाही अर्थ नाही, दुरुस्त करायचं म्हटलं तर कुठं हात घालायचा कळत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे फोटोच उचलून एसव्हीजीच्या वेष्टनात घालायचा. नाव व्हेक्टर, म्हणजे सूचनांनी काढलेलं चित्र, आणि आत ठिपकेच. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक कोठारात, अशा फायलींवर ‘बनावट एसव्हीजी’ म्हणून चक्क शिक्का मारतात. मला हा शिक्का फार आवडतो. ज्या घराण्यात बेसूराला बेसूर म्हणायची सोय आहे ते घराणं टिकतं.

एसव्हीजीचं पहिलं मानक २००१ च्या सप्टेंबरात ठरलं, कॉमन्स सुरू झालं २००४ च्या सप्टेंबरात. त्यानंतर जुन्या ठिपक्यांच्या आकृत्या व्हेक्टरमध्ये नव्यानं काढायचा उद्योग जो चालू झाला तो अजून चालू आहे. पद्धत साधी. कुणाला एखादी धुरकट आकृती दिसते, तो तिच्यावर ‘ही व्हेक्टरमध्ये हवी’ अशी खूण करतो. कुणीतरी ती उचलतो, काढतो. तिसरा सांगतो, बाण उलटा आहे. चौथा सांगतो, ही छटा रंगांध माणसाला दिसणार नाही. आकृती काढणाऱ्याला शरीरशास्त्र येतं असं नाही आणि चूक काढणाऱ्याला रेघ ओढता येते असं नाही. वाईत मराठी विश्वकोशाचं काम झालं, त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. तिथंही आकृती काढणारे आणि लेख लिहिणारे वेगळे होते. पण छापून झालेल्या पानावरचा बाण पुढच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहतो. इथं तो संध्याकाळपर्यंत सरळ होऊ शकतो. (उलटाही होऊ शकतो, हे ओघानं आलंच.)

या मंडळींत काही नावं मोठी झाली. मारियाना रुइझ व्हिलारेआल ही मेक्सिकन चित्रकार ‘लेडीऑफहॅट्स’ या नावानं पेशींपासून प्राण्यांच्या शरीररचनेपर्यंत शेकडो आकृत्या काढत आली आणि हक्क न ठेवता त्या तिनं सगळ्यांना खुल्या केल्या. तिच्या प्राणिपेशीच्या आकृतीत पेशी कलिंगडासारखी कापून दाखवलेली नाही; एक फाक काढून आत डोकावू दिलंय, त्यामुळे आतल्या वस्तूंना खोली येते. सुंदर काम आहे. तरी माझं मन जास्त रमतं ते ‘वॉपकॅप्लेट’ या टोपणनावाच्या माणसानं काढलेल्या हृदयाच्या आकृतीत. ती सोडिपोडी नावाच्या प्रोग्रॅमात काढली. आज या लोकांच्या हातात असतो तो मोफत इंकस्केप २००३ मध्ये सोडिपोडीतूनच वेगळा निघाला.

हृदयाच्या या आकृतीत लाडिकपणा नाही. छटा जवळजवळ नाहीतच. ऑक्सिजन असलेल्या रक्ताचा मार्ग लाल, नसलेल्याचा निळा, आणि दोन्हींतून वाहणारे पांढरे बाण. पांढरा बाण हा निर्णय मोठा चतुर आहे. काळा बाण काढला असता तर तो नावांच्या काळ्या रेघांत मिसळला असता. पांढरा फक्त रक्ताच्याच वाटेवर उठून दिसतो, बाहेर पांढऱ्या कागदावर त्याला अस्तित्वच नाही. त्यामुळे ‘कुठं काय आहे’ आणि ‘काय कुठं जातं’ या दोन गोष्टी एकमेकींच्या पायात न येता एकाच चित्रात नांदतात. धमनी म्हणजे लाल, शीर म्हणजे निळी असं घोकून आलेलं पोर या चित्रापाशी अडखळतं, कारण फुप्फुसाकडं जाणारी धमनी इथं निळी आहे आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा लाल. अडखळलं की विचार करतं. धमनी ठरते ती रक्त हृदयापासून दूर नेण्यावरून, रंगावरून नाही. हे वाक्य पाठ करून जे कळत नाही ते दोन पांढऱ्या बाणांनी कळतं. निळ्या रक्ताचा संकेत मात्र खोटाच आहे, शरीरात कुठलंही रक्त निळं नसतं. पण संकेत म्हणजे संकेत. नकाशातली नदीही निळी असते आणि पावसाळ्यातली पंचगंगा कुणी निळी पाहिलीय?

ही आकृती मराठीत आणायची तर काय होतं, ते बघण्यासारखं आहे. एसव्हीजीत अक्षरं अक्षरं म्हणून राहू शकतात आणि एकाच फाइलमध्ये अनेक भाषांतली नावं ठेवून वाचणाऱ्याच्या भाषेप्रमाणे दाखवायची सोय आहे. म्हणजे १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला हृदय नव्यानं काढायची गरज नाही, नावं तेवढी लिहायची. ऐकायला सोपं. पण नावाकडं नेणारी ओढरेघ रोमन अक्षरांच्या अर्ध्या उंचीवर येऊन थांबेल अशी बेतलेली असते. तिथं देवनागरी बसवली आणि ती रेघ नेमकी शिरोरेघेच्या पातळीला आली, की शिरोरेघ लांबून हृदयात घुसल्यासारखी दिसते. दोन ओळींचं नाव असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. रोमन लिपीला पुरणारं अंतर आपल्याला पुरत नाही. मग कुणीतरी बसून ओळीतलं अंतर वाढवतो, रेघा खाली ओढतो. एका आकृतीला अर्धी दुपार, आणि बघणाऱ्याला वाटतं नुसती नावं बदलली.

त्याहून खोल भानगड टंकाची. पानावर आपण बघतो ते चित्र विकिपीडियाच्या संगणकानं त्या सूचना वाचून तयार केलेलं असतं, आणि तो त्याच्याकडं असलेला टंक वापरतो, काढणाऱ्याच्या घरातला नाही. घरी देखणं दिसलेलं अक्षर तिथं भलतंच दिसू शकतं. मराठी वळणाचा ल आणि मराठी वळणाचा श जाऊन हिंदी वळणाचे येतात, कारण ही अक्षरं मराठी आहेत असं फाइलमध्ये कुठं सांगितलेलंच नसतं. ते सांगायचं राहिलं की चूक कुणाची नसते पण वाचताना डोळ्याला खडा लागतो. म्हणून काही जण वैतागून अक्षरांच्याही बाह्यरेघा करून टाकतात. दिसतं छान, पण मग ते अक्षर राहत नाही, आकार होतो. शोधता येत नाही, आणि शुद्धलेखनाची चूक निघाली तर दुसऱ्याला सुधारता येत नाही. माझा कौल अक्षरं अक्षरं म्हणून ठेवण्याच्या बाजूला आहे. चित्र थोडं कमी देखणं झालं तरी चालेल, पुढच्याचा हात त्यात शिरला पाहिजे.

कुरुंदवाडच्या वाट्याला या सगळ्यातलं काय येतं? विकिपीडियावरच्या गावांच्या पानांवर चौकटीत राज्याचा नकाशा असतो आणि त्यावर लाल ठिपका. जमीन फिकट पिवळसर, शेजार किंचित वेगळ्या छटेत, समुद्र फिकट निळा. या नकाशात गाव काढलेलं नसतं. नकाशाच्या चार कडा कोणत्या अक्षांश-रेखांशांवर आहेत ते ठाऊक असतं, गावाचे अक्षांश-रेखांश दिले की त्रैराशिक मांडून ठिपका वरून ठेवला जातो. आम्ही सुमारे १६.७ उत्तर आणि ७४.६ पूर्व, म्हणजे खाली डाव्या अंगाला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. नकाशा एक आणि त्यावर बसणारी गावं कितीही. काटकसर इथंही तीच.

पण त्या ठिपक्यात आमचं गाव दिसत नाही. गाव म्हणजे पंचगंगेचं पाणी. पलीकडं नरसोबाची वाडी, तिथंच कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. या नकाशावर दोन्ही ठिपके एकमेकांवर पडतील. कृष्णा चढली की पंचगंगेला पुढं सरकू देत नाही, फुगवटा मागं येतो आणि शिरोळ तालुका पाण्यात जातो. २००५, २०१९, २०२१ ही महापुराची वर्षं इथं सांगावी लागत नाहीत. हा फुगवटा शब्दांनी समजावताना दमछाक होते. दोन नद्या, चार बाण आणि पाण्याच्या दोन पातळ्या एवढ्यात तो सांगता येईल, आणि हृदयाच्या आकृतीतले पांढरे बाण इथंही उपयोगी पडतील. कुणी तरुण हात इंकस्केप शिकत असेल तर त्यानं झेंडे सोडून इथून सुरुवात करावी, असं मी सुचवीन.

त्याच्याही आधी मला बघायचाय तो पलुस्करांच्या स्वरलिपीचा तक्ता. संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांची लिपी सुटसुटीत, म्हणून ती घरोघर गेली. पलुस्करांची जास्त काटेकोर, म्हणून जड पडली. तिच्यात प्रत्येक स्वराखाली काळाची खूण असते: एक मात्रा आडवी रेघ, अर्धी मात्रा शून्य. कोमल स्वराखाली हलंतासारखी तिरकी खूण. मंद्र सप्तकाला वर बिंदू, तार सप्तकाला वर उभी रेघ. हे संगणकावर टंकायला बसलं की गंमत सुरू होते. कोमल गंधार म्हणून ग ला हलंत दिला आणि पुढं मध्यम आला, की टंक दोघांना जोडून ‘ग्म’ करून मोकळा. रे ला मात्रा आहे, नी ला वेलांटी. त्यांना आणखी हलंत लावू म्हटलं तर टंक तुटक ठिपक्यांचं वर्तुळ दाखवून नकार देतो. म्हणजे कोमलची खूण अक्षर म्हणून टंकून भागणार नाही, वेगळी रेघ म्हणून काढावी लागणार. खाली जागा भरपूर आहे, कारण सा रे ग म प ध नी या सातांपैकी एकालाही उकार नाही; पलुस्करांनी काळाच्या खुणा खाली ठेवल्या त्या किती सोयीच्या जागी, हे तक्ता काढायला बसल्यावरच ध्यानात येतं. अडचण आहे ती वर. मंद्रातल्या ग वर बिंदू दिला की ‘गं’ वाचलं जातं, रे वर दिला की ‘रें’. तो अनुस्वार वाटू नये इतका उचलायला हवा, आणि तरी त्याच स्वराचा वाटेल इतका जवळ ठेवायला हवा. शिरोरेघेपासून किती वर, ते नखाएवढ्या आकारात आणि पडदाभर आकारात, दोन्हीकडं ठेवून बघावं लागेल.